आजीची जमाखर्चाची वही (१९५७ ते ५९) आणि दर बुधवारचं पेपरमिंट

तिसरा_मजला

गिरगावातली आमची चाळीतली खोली रिकामी करायला घेतली. पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजीच्या जमाखर्चाच्या तीन वह्या निघाल्या. लांबट, लाल कापडी बांधणीच्या, वाण्याकडे असायच्या तशा. पहिली एप्रिल १९५७ ला सुरू होते, तिसरी डिसेंबर १९५९ ला संपते. आजोबा एका कचेरीत कारकून. दर महिन्याच्या पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली 'पगार १३२'. खाणारी तोंडं सात.

पहिल्या वहीत प्रत्येक पानाला दोन रकाने आहेत, डावीकडे 'आ.' (आणे) आणि उजवीकडे 'न. पै.' (नवे पैसे). एका दिवसाचं पान जसंच्या तसं देते:

कार्डं २ : १० न. पै.
मेथी : १ आ. : ६
कोथिंबीर, मिरची : १ आ. : ६
हे, ट्राम : १ आ. : ६
लिंबं : १ आ. : ६
वाणी, हिंग : २ आ. : १२ (तेरा मागत होता. दिले नाहीत.)

कंसातलं वाक्य आजीचंच. अशी कंसातली वाक्यं जागोजागी आहेत आणि मला ती आकड्यांपेक्षा जास्त आवडली.

जाणकारांना तीन प्रश्न:
१. वाणी तेरा का मागत होता आणि आजी बारावरच का अडून बसली होती?
२. तिसऱ्या वहीत एकदाच 'लायसन, पोस्टात, रु. १५' असं आहे. आमच्याकडे बंदूक नव्हती.
३. दर बुधवारी 'पेपरमिंट ६'. पहिल्या दोन वह्यांत एकही बुधवार चुकलेला नाही. आजी खाऊ-बिऊ आणणाऱ्यांतली मुळीच नव्हती. वाढदिवसालासुद्धा शिराच. मग हे काय?

---

पायलीभर

वाचनखूण साठवली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण माझे वडील त्याच काळात किराणा दुकानात बसायचे (म्हणजे मी तेरा मागणाऱ्यांच्या घरातला).

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. नव्या हिशेबात रुपयाचे १०० नवे पैसे. आता १०० ला १६ ने भागा, आणा पडतो सव्वासहा नव्या पैशांना. हा 'पाव' कोणाच्या खिशात जायचा, यावर पुढची दोनतीन वर्षं देशभर भांडणं झाली.

सरकारने तक्ते छापले होते. १ आणा म्हणजे ६, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. दोन आण्यांचे खरे होतात साडेबारा, पण तक्त्यात अर्धा सोडून दिलेला होता. दुकानदार तोच अर्धा वर चढवून तेरा मागायचा. आजी कायद्याने बरोबर होत्या.

आणि चार वेगवेगळ्या नोंदी का, तेही बघा. मेथी, कोथिंबीर, लिंबं एकाच भाजीवालीकडून घेतली आणि एकदम तीन आणे दिले तर १९ जाणार. एकेक आण्याची वेगवेगळी घेतली तर सहा त्रिक १८. एक नवा पैसा वाचला. ट्राम धरून चार आण्यांचे २४ झाले, एरवी २५. तुमच्या आजी हे रोज करत असतील तर महिन्याला सहा कार्डांचे पैसे सुटले.

---

कावळा

कसला काळ होता! पाच पैशांत पोस्टकार्ड, एका आण्यात ट्राम, सोनं शंभराच्या आसपास तोळा. आणि आता? तेव्हाची माणसं सुखी होती राव. १३२ रुपयांत सात माणसं जेवत होती.

---

भोंगा

कावळा, जेवत होती, पण काय जेवत होती ते वहीत बघायला हवं. धागाकर्तीने सांगावं, त्यात उधारी किती आहे?

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले. कायम व्हायच्या आधी पाच वर्षं 'बदली' होते. म्हणजे रोज पाळीच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर काम, नाहीतर परत. काम नाही तर दाम नाही. अशा माणसाला कार्ड पाच पैशांत मिळतं याचं काय कौतुक? गावाला कार्ड टाकायचं ते 'या महिन्यात मनीऑर्डर जमणार नाही' एवढं कळवायला.

माणसाला जगायला किती लागतं याचा हिशेब त्याच वर्षी मांडला गेला होता. जुलै १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतन कशावर ठरवायचं हे ठरलं. कामगाराचं कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं, पण खाण्यात ती तीन मोठ्या माणसांएवढी धरायची, त्यांचा आहार, माणशी वर्षाला १८ वार कापड, म्हणजे चौघांना ७२ वार, घरभाडं, जळण. कागदावर छान. पण १९५९ मध्ये दुसऱ्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या नोकराला महागाई भत्ता धरून महिना ८० रुपये सुचवले, तेव्हा हे माप परवडणारं नाही असंच म्हटलं. सोनं शंभराला होतं ना? मग त्या माणसाला एक तोळा घ्यायला सव्वा महिना उपाशी राहावं लागत होतं.

१८ वार कापडाचं एक सांगतो. आमच्या आईकडे दोन लुगडी होती. एक अंगावर, एक दोरीवर. वडील दिवसाला शेकडो वार कापड विणायचे.

---

तिसरा_मजला

भोंगा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ काही टंकता आलं नाही.

उधारी आहे. दर महिन्याच्या वीस तारखेनंतर 'वाणी, मांडून' असं येतं आणि पगाराच्या दिवशी पहिली नोंद 'वाणी, मागील'. एका महिन्यात ती ४१ रुपये आहे. गणपतीचा महिना होता. आजीची एक बांगडी दोनदा 'ठेवली' आणि दोनदा 'सोडवली' अशीही नोंद आहे. त्याच्यापुढे कंस नाही.

पायलीभर, आभार. आजी चौथीपर्यंत शिकली होती.

---

पेठेतला

धागा चांगला. दोन दुरुस्त्या.

१. 'नवे पैसे' हे नाव कायमचं नव्हतं. १९६४ च्या जूनमध्ये 'नवे' गळलं आणि नुसते 'पैसे' राहिले. तोवर जुना पैसा लोकांच्या हातून आणि डोक्यातून गेला होता.
२. (आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी लिहिणारच) चवली म्हणजे चार आणे नव्हेत. चवली दोन आण्यांची, पावली चार आण्यांची, अधेली आठ आण्यांची. हिंदीतल्या चवन्नीमुळे हल्ली सगळे घोळ घालतात.

करमणुकीबद्दल कोणीच लिहिलेलं नाही म्हणून: पुण्यात १९५९ साली 'सांगत्ये ऐका' विजयानंदला लागला आणि १३१ आठवडे उतरला नाही. आमच्या आईने सातव्या आठवड्यात ठरवलं की गर्दी कमी झाली की जाऊ. अडीच वर्षं वाट बघत होती.

---

गोदाकाठ

सव्वासहाचा हिशेब मुंबईकरांना अवघड गेला हे वाचून हसू आलं. आमच्या नांदेडकडच्या माणसांना सवय होती. निजामाचा हाळी सिक्का वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हाळी रुपये म्हणजे सहा कलदार. पोलीस ॲक्शननंतरही काही वर्षं दोन्ही चालायचे. बाजारात म्हैस हाळीत ठरायची आणि रेल्वेचं तिकीट कलदारात. त्यात १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो आणि पाचच महिन्यांत हे नवे पैसे. माझे आजोबा म्हणायचे, राज्य बदललं तेव्हा कोणी विचारलं नाही, पैसा बदलला तेव्हाही नाही, निदान शेर तरी ठेवा. तोही गेला. १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो हळूहळू यायला लागला, आणि शेर म्हणजे ८० तोळे, किलोहून थोडा कमी. व्यापारी भाव शेराचाच ठेवून वर 'किलो मोठा असतो' म्हणून पैसे वाढवायचे.

पायली, मापटं, चिपटं मात्र आमच्याकडे कितीतरी वर्षं गेली नाहीत. आईने तांदूळ शेवटपर्यंत चिपट्यानेच घेतले. कुकर आला तरी.

---

मांडवीतीर

आमच्या गोव्यात तर वेगळीच तऱ्हा. १९६१ पर्यंत पोर्तुगीज. रुपी आणि तांगा, सोळा तांगांची एक रुपी, म्हणजे तुमच्या आण्यासारखंच. मग १९५८-५९ च्या सुमाराला त्यांनीही दशमान आणलं. एका रुपीचे सहा इश्कुद. तुमच्याकडे सव्वासहाने गुणायचं, आमच्याकडे सहाने.

१९५५ पासून भारताने नाकेबंदी केली होती. मुंबईहून येणारी मनीऑर्डर, भाजी, बटाटे सगळं अडलं. मग गोव्यात बटाटे आले हॉलंडहून, तांदूळ पाकिस्तानातून, सिमेंट जपानचं. माझी आई सांगायची, हॉलंडचा बटाटा मोठा आणि गुळगुळीत, पण भाजीत विरघळतो. घड्याळं आणि नायलॉन मात्र स्वस्त. सीमेपलीकडे सावंतवाडीत कोणाच्या मनगटावर काय आहे बघून गोव्यात सोयरीक कुठे ते कळायचं, अशी चेष्टा होती.

---

कावळा

बरं, मागे घेतो. सुखी नव्हती. पण बातम्यांना तरी मजा होती का?

---

सुंठ_गूळ

बातम्या भरपूर. वहीत जून १९५७ बघा, निलगिरीचं तेल किंवा सुंठ असणार. एशियन फ्लू. त्या मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या बोटीतून तो आला आणि बघता बघता देशभर झाला. आमच्या वाड्यात एकाच वेळी अकरा माणसं झोपली होती. उभी होती फक्त माझी पणजी. तिने सगळ्यांना पेज घातली आणि वर 'उठा, नाटकं पुरे' म्हणाली.

मग ऑक्टोबरात स्पुटनिक. चार तारखेला रशियाने सोडला, आणि ३ नोव्हेंबरला दुसऱ्या स्पुटनिकमधून लायका गेली. लोक संध्याकाळी गच्चीवर. दिसणारा प्रत्येक हलता तारा स्पुटनिकच. वाड्यातल्या बायकांची चर्चा वेगळी होती: त्या कुत्रीला खायला काय ठेवलंय आणि तिला परत कधी आणणार? परत आणायची सोयच नव्हती हे कळल्यावर पणजीने रशियाचं नाव टाकलं. ती बिचारी काही तासांतच उकाड्याने गेली होती, हे जगाला २००२ मध्ये कळलं.

---

तिसरा_मजला

सुंठ_गूळ, तंतोतंत! २२ जून १९५७: 'निलगिरी, सुंठ, कापूर. सगळे आडवे. (भाजी नको, खाणार कोण.)' पण त्या आठवड्यातही बुधवारी पेपरमिंट आहेच.

आणखी एक नोंद सापडली, तीस नोव्हेंबरच्या आदल्या दिवसाची. 'काळं कापड पाव वार. दशम्या, चटणी. (हे उद्या कचेरीत पोट दुखतं म्हणून सांगणार.)'

---

भोंगा

प्रतापगड! ३० नोव्हेंबर १९५७. नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण आणि संयुक्त महाराष्ट्र समितीची काळ्या निशाणांची निदर्शनं. घाटात माणसांची ही रांग. तुमच्या आजोबांना सलाम. कारकुनाने पोटदुखीवर जायचं म्हणजे नोकरी पणाला लावणं होतं.

आमच्याकडे 'मराठा' यायचा. यायचा म्हणजे गिरणीच्या खानावळीत एक अंक, आणि वाचता येणारा एक जण मोठ्याने वाचणार. अत्र्यांचा अग्रलेख ऐकताना जेवण थांबायचं. खानावळीच्या मावशी ओरडायच्या, आधी गिळा मग हसा.

---

पेठेतला

एकोणसाठ सालात नानावटी खटला (नौदल अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो) असणारच वहीत. एप्रिलमध्ये गोळीबार, ऑक्टोबरात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. एरवी २५ नव्या पैशांचा साप्ताहिक 'ब्लिट्झ' दोन रुपयांपर्यंत विकला गेला. कोर्टाबाहेर गर्दी, रस्त्यावर खेळण्यातली 'नानावटी रिव्हॉल्वर'. उच्च न्यायालयाने पुढे तो निकाल फिरवला ही गोष्ट वेगळी.

---

तिसरा_मजला

आहे. 'ब्लिस, वाटणी ४ आ. २५.' दोन रुपयांचा अंक आठ बिऱ्हाडांत वाटून घेतला असणार. चार आणे म्हणजे पंचवीसच, इथे भांडायला जागा नव्हती. कंसात '(वाचून झाल्यावर पान ३ गायब. खालचे.)'.

---

हिरवा_डोळा

उशिरा आलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे असं मला वाटतं. 'लायसन, पोस्टात, रु. १५' म्हणजे रेडिओचं. तेव्हा घरात रेडिओ ठेवायला वर्षाचं लायसन लागायचं, पोस्टात पैसे भरून पुस्तिकेत शिक्का मारून घ्यायचा. तपासनीस येतो अशी आवई उठली की बिनलायसनवाले रेडिओवर टॉवेल घालून वर गणपतीचा फोटो ठेवत.

म्हणजे तुमच्याकडे १९५९ मध्ये रेडिओ आला. त्याआधी नव्हता. आता सांगा, बुधवारी काय असायचं?

रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन. बिनाका गीतमाला. १९५२ च्या डिसेंबरपासून अमीन सयानींचा आवाज. आकाशवाणीवरून केसकरसाहेबांनी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली होती. (मंत्री मराठी, शास्त्रीय संगीताचे भोक्ते, त्यामुळे आमच्या घरात त्यांच्याबद्दल दोन तट.) अख्खा देश गाण्यांसाठी कोलंबोकडे कान लावून बसायचा. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली ती त्याच पोटदुखीतून. तरी बुधवार सिलोनचाच राहिला.

आमचा व्हॉल्वचा सेट होता. लावल्यावर लगेच वाजायचा नाही. आधी तापायचा, धुळीचा आणि गरम लाकडाचा वास यायचा, मग समोरचा हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा. स्टेशन बरोबर लागलं की त्याची फट अगदी बारीक व्हायची. गॅलरीत तांब्याच्या जाळीची एरियल. कावळा बसला की कोलंबो गेलं. (आयडीवाले कावळा, राग मानू नका.)

तुमच्या चाळीत रेडिओ कोणाकडे होता? आणि त्यांच्याकडे लहान मूल होतं का?

---

कावळा

रागबिग नाही. मी वाचतोय. पुढे?

---

तिसरा_मजला

हिरवा_डोळा, मी आत्ताच आत्याला फोन केला. ती ठाण्याला असते, ७९ वर्षांची. मी नुसतं 'बुधवारचं पेपरमिंट' म्हटलं आणि पलीकडून इतका वेळ काही आवाज नाही की मला वाटलं फोन कट झाला. मग हसायलाच लागली.

दुसऱ्या मजल्यावर एका बिऱ्हाडात रेडिओ होता. त्यांचा एक मुलगा, पाचसहा वर्षांचा. आत्या आणि मोठी आत्या दोघींना बुधवारी तिकडे जायचं असायचं. आजीचा दंडक होता, कोणाच्या दारात रिकाम्या हाताने बसायचं नाही. मग त्या मुलासाठी आण्याच्या पेपरमिंटांची पुडी. एक आणा, सहा नवे पैसे. आत्या म्हणाली, 'ते तिकीट होतं गं आमचं. उंबऱ्याच्या आत सतरंजीवर बसायला मिळायचं. पुडी न आणणारी पोरं बाहेर गॅलरीत उभी.'

फ्लूच्या बुधवारीही ताप उतरल्याबरोबर ती गेली होती, घोंगडी पांघरून. दारातच त्या काकूंनी परत पाठवलं. पुडी ठेवून घेतली.

आणि त्या मुलाला पेपरमिंट आवडायचं नाही! तिखट लागतं म्हणायचा. कार्यक्रम संपला की जिन्यात तो पुडी गुपचूप आत्याच्याच हातात द्यायचा. तिने हे आजीला कधीच सांगितलं नाही. 'सांगितलं असतं तर पुढच्या बुधवारी तीच पुडी परत नेली असती तिने.'

---

पायलीभर

हे वाचून मला माझ्या वडिलांनी मागितलेल्या तेराव्या पैशाची लाज वाटली. आण्याचं पेपरमिंट किती यायचं ते विचारा ना आत्यांना.

---

तिसरा_मजला

विचारलं. तिला आठवत नाही. 'मोजायला कोण थांबतंय' म्हणाली.

तिसरी वही पुन्हा नीट बघितली. ऑगस्ट १९५९ पासून 'रेडिओ, हप्ता २०', त्याच महिन्यात ते लायसन. त्यानंतर बुधवारचं पेपरमिंट बंद. मला वाटलं, चला, संपलं.

पण बुधवार संपलेला नाही. सप्टेंबरपासून दर बुधवारी नवीन नोंद सुरू होते: 'साखर, चहा जादा'. आता चाळ आमच्याकडे यायला लागली असणार. पहिल्याच बुधवारी पुढे कंस आहे, शाई जरा जास्त दाबून लिहिलेला:

'(माणसं १४. पुडी कोणी आणली नाही.)'